पोराचा कॉम्प्युटर किती खोडवे देईल?



या अंकासाठी आम्ही खोडवा व्यवस्थापनावर लेख लिहावयास घेतला होता. पाचट, बुडखे छाटणी, नांग्या भरणे वगैरे नेहमीचाच विषय. परंतु मध्यंतरी गट कार्यालयात एक प्रसंग घडला आणि लेखणी भलतीकडेच वळली. वाचल्यावर कळेल की विषय फारसा बदललेला नाही.

आमचे एक जुने सभासद, त्यांना सगळे नाना म्हणतात, सकाळीच येऊन बसले. नोंदीचे काम नव्हते, पाणीपाळीची तक्रार नव्हती. खिशातून घडी घातलेला कागद काढला नि टेबलावर ठेवला. "साहेब, हे बघा जरा. पोरगं म्हनतंय, ह्यो घ्यायचा. किती वर्सं टिकंल?"

कागद कॉम्प्युटरच्या दुकानाचा होता. नानांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास आहेच, पण हा कॉम्प्युटर मुख्यतः खेळ खेळण्याचा. एकूण आकडा एक लाख तीस हजार. २०२५-२६ च्या हंगामाची मूळ एफआरपी टनाला ३,५५० रुपये. या दराने तोडणी-वाहतूक वजा करण्याआधीच ३६ टनांहून जास्त ऊस झाला. म्हणजे एकरी चाळीस टन काढणाऱ्याचा जवळजवळ एक एकर एका खोक्यात गेला म्हणायचा. नानांचा पहिला हप्ता नुकताच जमा झालेला. सोसायटीची कपात होऊन हातात काय उरले ते आम्हाला ठाऊक होते, त्यामुळे "घ्या की, पोराची हौस आहे" असे म्हणून मोकळे होणे काही जमेना.

आम्ही शेतकी पदविकेचे माणूस. उसाचे डोळे मोजता येतात, कॉम्प्युटरचे भाग नव्हे. तेव्हा नानांकडून आठ दिवसांची मुदत घेतली आणि रविवारी खोडाळ्याची वाट धरली.

खोडाळ्याचा अनुभव

मोखाडा तालुक्यातले खोडाळा पुष्कळांना कसारा-विहीगाव-जव्हार रस्त्यावरचे बाजाराचे गाव म्हणून माहीत असेल. देवबांधच्या गणपतीला जाताना लागते. तिकडे आपल्यासारखा ऊस नाही, भात, नागली, वरई ही पिके. आमची थोरली बहीण तिथे दिलेली आहे. मेहुण्यांचे किराणा दुकान, थोडी भातखाचरे. भाचा लग्नाच्या आणि उन्हाळ्यातल्या बोहाड्याच्या चित्रफिती जोडण्याचे काम करतो आणि रात्री खेळ खेळतो. त्याने २०१७ च्या दिवाळीनंतर एक कॉम्प्युटर घेतला होता. तोही खेळांसाठीच. तेव्हा घरात केवढे रामायण झाले होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सत्तर हजाराच्या आसपास खर्च झाला. मेहुणे दोन महिने मुलाशी धड बोलत नव्हते.

तोच कॉम्प्युटर आजही चालू आहे. भाच्याला म्हटले, "बाबा, हा इतकी वर्षे कसा पुरला ते सांग."

तो हसून म्हणाला, "मामा, हा तोच आहे असं तुम्ही म्हणता. याच्यातलं निम्मं बदललंय."

मग त्याने झाकण उघडून एकेक भागाचा इतिहास सांगितला. हा इतिहास आम्ही तपशिलाने देत आहोत, कारण पुस्तकी सल्ल्यापेक्षा शेजाऱ्याचा तिसरा खोडवा पाहून जास्त कळते.

माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. कसाऱ्याहून लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड. बरोबर घोटीचा एक मित्र होता, त्यालाही तसाच कॉम्प्युटर घ्यायचा होता. पडद्यावर हलते चित्र काढण्याचे काम ज्या भागाकडे असते त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. त्या वेळी एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०६० हे २०१६ साली निघालेले कार्ड जोरात होते. ते दोन प्रकारांत मिळे, एकाची मेमरी ३ जीबी आणि दुसऱ्याची ६ जीबी. भाच्याने चार-पाच हजार जास्त मोजून ६ चे घेतले, मित्राने ३ चे. पहिली दोन वर्षे दोघांचे सारखेच चालले आणि मित्र भाच्याला हसत असे. पुढे नव्या खेळांतली चित्रे जड होत गेली. मित्राच्या कार्डाची मेमरी भरून खेळ अडखळू लागला. भाच्याचे कार्ड मात्र २०२४ अखेरपर्यंत खेळाची प्रत थोडी कमी ठेवून चालत राहिले. वेगात दोन्ही कार्डांत फारसा फरक नव्हता. फरक कोठाराचा होता.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ १६००. हा हुकूम सोडणारा भाग. मार्च २०१७ मध्ये रायझन बाजारात आला तेव्हाच्या त्या मदरबोर्डात, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीत, कंपनीने २०२२ साली नव्या पिढीचे प्रोसेसर चालण्याची सोय करून दिली. भाच्याने त्या वर्षी बोर्डातला मूळ कार्यक्रम, ज्याला बायोस म्हणतात, तेवढा नवा भरला. जुना प्रोसेसर काढून रायझन ५ ५६०० बसविला. बोर्ड तोच, मेमरी तीच, पेटी तीच. आमच्या भाषेत, शेत न नांगरता नांग्या भरल्या.

याचा एक फायदा त्यालाही त्या वेळी दिसला नव्हता. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. विंडोज ११ ला कोणते प्रोसेसर चालतात याची यादी आहे आणि २०१७ चा पहिला रायझन त्या यादीत नाही. ५६०० आहे. प्रोसेसर बदलला नसता तर ठणठणीत चालणारे यंत्र त्या दिवशी एका परीने म्हातारे झाले असते.

कार्डाने शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये हात टेकले. इंडियाना जोन्सवरचा एक नवा खेळ आला, तो प्रकाशाचे किरण मोजण्याची यंत्रणा कार्डातच असल्याशिवाय चालत नाही. १०६० मध्ये ती नाही. प्रत कितीही कमी केली तरी उपयोग नाही. कार्ड बिघडले नव्हते, पंखा फिरत होता, चित्र येत होते. त्याने पुढच्या वर्षी १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० घातले. त्यालाही जुनाच ५५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरला, कारण २०१७ साली दुकानदार "हलका घ्या, काय फरक पडतो" म्हणत असता त्याने नामांकित कंपनीचा घेतला होता.

टिकणे आणि पुरणे

परत येताना एसटीत विचार करीत होतो. नानांनी विचारले होते, किती टिकेल. भाच्याच्या साऱ्या गोष्टीत टिकण्याचा प्रश्न जवळजवळ आलाच नाही. एकही मोठा भाग जळला नाही की मोडला नाही. प्रश्न होता पुरण्याचा. टिकणे एक आणि पुरणे वेगळे, हे आपण उसात चांगले जाणतो. खोडवा जमिनीत जिवंत असतो, फुटतो, हिरवा दिसतो. तरी लागणीला एकरी चाळीस टन उतारा आणि एकरी चाळीस हजार ऊस असल्याशिवाय त्याचा खोडवा ठेवू नये असे आम्ही तुम्हाला दरवर्षी सांगतो. खोडवा मेला म्हणून कोणी मोडत नाही. तो खर्चाला पुरत नाही म्हणून मोडतो.

कॉम्प्युटरच्या भागांचेही असेच आहे, फक्त प्रत्येक भागाचे घड्याळ निराळे. एसएसडी हा साठवणीचा भाग घ्या. लोक म्हणतात तो लिहून लिहून झिजतो. १ टीबीच्या एसएसडीवर साधारणपणे ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज ५० जीबी लिहिले तरी वर्षाला सव्वाअठरा टीबी होतात. हमी संपायला तीस वर्षांच्या वर लागतील. तो झिजणार नाही, भरणार. आताच्या मोठ्या खेळांतले कित्येक एकटेच शंभर जीबीच्या वर जागा घेतात. पेटी आणि पॉवर सप्लाय चांगला असेल तर दोन कार्डांचे आयुष्य पाहतो. प्रोसेसर पाच-सहा वर्षे सहज. सगळ्यात आधी तोकडे पडते ते कार्ड, म्हणून विचार तिथून सुरू करावा.

पण कशाला तोकडे? हा प्रश्न पोराला विचारावा, दुकानदाराला नव्हे. कोणता खेळ खेळणार? व्हॅलोरंट, जीटीए ५ यांसारखे खेळ हलके किंवा जुने आहेत. जीटीए ५ कॉम्प्युटरवर २०१५ साली आला. त्यांना मध्यम कार्ड पुष्कळ वर्षे पुरते. मात्र येथेही एक मेख आहे. काउंटर-स्ट्राइक हा खेळ कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये नवा करून जुन्याच्या जागी बसविला. खेळणाऱ्याने काही नवे मागितले नव्हते, तरी गरज वाढली.

जड खेळांचे माप दरवर्षी बदलत नाही, हे आम्हाला भाच्याकडून प्रथमच कळले. मोठे खेळ करणाऱ्या कंपन्या टीव्हीला जोडण्याच्या खेळ-यंत्रांकडे पाहून खेळ आखतात. सोनीचे प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ चे, त्यात ८ जीबी मेमरी. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० चे, त्यात १६. मधली सात वर्षे माप साधारण एका जागी होते, म्हणून २०१६ चे कार्ड इतके पुरले. नवे यंत्र आल्यावर लगेच काही होत नाही. दोन-तीन वर्षे जुन्या-नव्या दोघांसाठी खेळ निघतात आणि मग जुन्याला सोडून देतात. ८ जीबीची कार्डे २०२० साली भरपूर वाटत होती. २०२३ पासून काही नव्या खेळांत वरच्या प्रतीला ती अपुरी पडू लागली. हा धरणाच्या आवर्तनासारखा हिशेब आहे. तुमचे पीक आवर्तनात कुठे सापडते त्यावर सारे. प्लेस्टेशन ५ ला आता पाच वर्षे उलटून गेली, हे आज कार्ड घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे आणि कमी मेमरीच्या कार्डावर मोठी रक्कम अडकवू नये.

तिसरे घड्याळ कंपनीच्या हातात असते. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या खेळांशी जुळवून घेणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच दिले, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते. जुन्या डिझेल इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले की इंजिन चांगले असून कोपऱ्यात जाते, त्यातलाच प्रकार. आमच्या स्वतःच्या घरी असे एक इंजिन आहे, ते काढवत नाही नि चालवताही येत नाही.

नानांचा कागद

आता कागदाकडे येऊ. भाच्याने तो वाचून पाचच मिनिटांत बाजूला ठेवला. "मामा, यात वाईट काही नाही. पण एकमेकांशी मेळ नाही."

आपल्यापैकी जुन्या मंडळींना १२५० टनी कारखान्यांचा काळ आठवत असेल. गाळप वाढवायचे म्हणून मिल मोठी केली आणि बॉयलर तोच ठेवला, तर वाफ पुरत नाही. मिल थांबते, गव्हाणीत ऊस तुंबतो आणि बाहेर गाड्या वाळत उभ्या राहतात. मिलवर घातलेला पैसा बॉयलरमुळे वाया जातो. कागदात नेमके हेच होते. प्रोसेसर वरच्या दर्जाचा, किमतीत कार्डाच्याही पुढे. कार्ड ८ जीबीचे. पॉवर सप्लायपुढे नुसते '७५० वॅट' लिहिलेले, कंपनीचे नाव नाही. काचेची पेटी, चार रंगीत दिवे. आणि पडदा चक्क फोर-के.

या पडद्याची गोष्ट नीट समजून घ्या. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात, एकूण सुमारे २०.७ लाख. मधल्या प्रकारात सुमारे ३६.९ लाख. फोर-के मध्ये सुमारे ८२.९ लाख, म्हणजे साध्याच्या चौपट. कार्डाला हे सारे ठिपके दर सेकंदाला साठ वेळा रंगवायचे असतात. पाच एचपीच्या मोटारीवर एक एकर भिजते म्हणून चार एकरांत सरी सोडली, तर मोटार वाईट ठरत नाही. आपणच तिला अपुरी करून ठेवली. पोराची समजूत अशी की मोठा पडदा घेतला म्हणजे पुढची सोय झाली. वास्तविक त्याच पडद्याने ते कार्ड पहिल्या दिवशीच अपुरे केले असते.

दुसरी गोष्ट बोर्डाची. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती खाच किती वर्षे चालू राहणार, हे विचारून घ्यावे. एएमडीची भाच्याच्या बोर्डावरची खाच २०१६ ची, तीत २०२२ चा प्रोसेसर बसला. नंतरची एएम५ खाच सप्टेंबर २०२२ ची, ती २०२७ पर्यंत आणि पुढेही चालविण्याचे कंपनीने सांगितले आहे. कागदातला बोर्ड इंटेलच्या २०२१ च्या खाचेचा होता आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने नवी खाच आणली. माल म्हणून बोर्ड चांगलाच. पण उपसा योजनेची पाइपलाइन एकदा चार इंचीच पुरली की पुढे मोटार कितीही वाढवा, पाणी तेवढेच येणार.

"पण आज घेतलेलं कार्ड किती वर्षं जाईल हे कळायचं कसं?" आम्ही विचारले.

यावर भाच्याने जे सांगितले ते आम्हाला सगळ्यात पटले. नव्या मालाची जाहिरात पाहायची नाही. ज्या दर्जाचे कार्ड आज घेणार, त्याच दर्जाचे पाच वर्षांपूर्वीचे कार्ड आज काय करते ते पाहायचे. २०२१ साली ८ जीबी घेणारे आज काय म्हणतात, १२ घेणारे काय म्हणतात? आम्हीही नवी जात प्रात्यक्षिक प्लॉटवर पाहून शिफारस करीत नाही. ज्याने दुसरा-तिसरा खोडवा घेतला त्याच्या बांधावर जातो. पुढची पाच वर्षे मागच्यासारखीच जातील असे नाही, पण याहून बरी मोजपट्टी कोणाजवळ नाही. मित्राचे ३ आणि भाच्याचे ६ जीबी हा तसाच प्लॉट होता, लॅमिंग्टन रोडवर एकाच दिवशी लावलेला.

हवामानाचेही थोडे. खोडाळ्यात पावसाळ्यात धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तिथे आठ वर्षे यंत्र चालले त्याचे गुपित म्हणजे पावसाळ्यात ते रोज थोडा वेळ तरी लावायचे, म्हणजे आतल्या उबेने दमट राहत नाही. वीज कडाडू लागली की बटण नव्हे, पिनच काढायची. आपल्याकडे दमटपणा कमी, पण धूळ आणि व्होल्टेजचा त्रास जास्त. मोटारी कशाने जळतात ते तुम्हाला सांगायला नको. अर्थिंग नीट नसेल तर आधी ते करा, मग कॉम्प्युटर आणा. दिवाळीला घराबरोबर पेटीतलीही धूळ काढावी. पंखे हाताने धरून, नाहीतर हवेच्या झोताने ते भलतेच फिरतात.

पुढच्या आठवड्यात नाना मुलाला घेऊन आले. पोरगा हुशार आहे, पण आधी फुरंगटून बसला. भाच्याशी फोनवर बोलल्यावर हळूहळू खुलला. दोघांची जी भाषा सुरू झाली तीतले आम्हाला आणि नानांना अवाक्षर कळले नाही. शेवटी कागद बदलला. प्रोसेसर मधल्या दर्जाचा, सहा कोअरचा, एएम५ बोर्डावर. कार्ड १६ जीबीचे. पडदा साधाच. पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचा, हमीची वर्षे पावतीवर लिहून घेतलेली. मेमरी मात्र १६ जीबीवरच थांबविली, दुसरी पट्टी बसण्याची जागा मोकळी ठेवून. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव एकदम चढले, ते उतरले की घेता येईल. रंगीत दिव्यांवर पोरगा अडून बसला होता. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वो, बैलपोळ्याला आपन बी शिंगं रंगवितोच की." दिवे राहिले.

नवा आकडा एक लाख आठ हजार. बावीस हजार वाचले. ते कार्ड बदलण्यासाठी म्हणून नानांनी पतसंस्थेत मुलाच्या नावे ठेवले, चार वर्षांच्या मुदतीने. एवढ्यावर सगळे मान्य झाले, एक सोडून. नानांच्या कारभारणीचा अजून सवाल आहे की एवढ्या पैशात ठिबक झाले असते. त्याला उत्तर आमच्याजवळ नाही.

ज्या सभासदांच्या घरी असे कागद आले असतील त्यांनी बुधवारी गट कार्यालयात दाखवावेत. आम्ही ते खोडाळ्याला पाठवू. मात्र तिकडे रेंज धड नसते, तेव्हा उत्तराला चार-आठ दिवस धरावेत. आणि खोडवा व्यवस्थापनाचा राहिलेला लेख पुढील अंकी देत आहोत. तोपर्यंत ज्यांचा ऊस तुटला आहे त्यांनी पाचट पेटवू नये.